उंबरे नसलेले राज्य

एका राज्यात कोणत्याही घराला उंबरा नव्हता. राजवाड्याला नव्हता, देवळाला नव्हता, कुंभाराच्या खोपट्यालाही नव्हता. चौकटीचे दोन पाय जमिनीत रोवलेले आणि मधली जागा सपाट. माणसे न थांबता आत जात, न थांबता बाहेर येत. त्या राज्यात चोरी होत नसे, मारामारी होत नसे, कोणी कोणाला वाकडा शब्द बोलत नसे. सासवासुनांचेसुद्धा पटे, आता बोला! न्यायसभेत कोळिष्टके लोंबत होती आणि न्यायाधीश तिथे खुशाल घोरत पडत. परदेशचे वाटसरू येत, तोंडात बोट घालत, आणि सकाळ होताच गाठोडे उचलून चालू लागत. इतक्या सुखाच्या गावी राहावेसे का वाटत नाही, हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नसे.

त्या राज्याचा राजा धृतिमान, राणी मदयंती. त्यांना एक पुत्र होता, शत्रुंजय, आणि एक कन्या, उत्पला. शत्रुंजय सकाळी फुले खुडी, दुपारी आईवडिलांना वारा घाली, आणि सदा हसतमुख असे. राणी रोज सकाळी उत्पलेच्या डाव्या गालावर हात ठेवी आणि म्हणे, "उठलीस, माझ्या चांदणी? सुखी राहा." रोज तोच गाल, तोच स्वर, तेच शब्द.

उत्पला लहान होती तोवर तिला ते गोड वाटे. पुढे वाटेनासे झाले. एकदा तिने आईचा लग्नातला शालू कात्रीने उभा कापला आणि तुकडे हातात धरून आईसमोर उभी राहिली. आता आई रागावेल, कान पिळील, निदान डोळे तरी वटारील, या आशेने ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. राणीने तुकड्यांकडे पाहिले, मुलीच्या डाव्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी राहा."

उत्पला हत्तीखान्यात पळाली आणि गवतात तोंड खुपसून रडली. त्या राज्यात रडू येणारे माणूस ती एकटीच होती. मात्र हत्तीखान्यात एक म्हातारी हत्तीण होती, तीही रडे. आणि बाहेरच्या पिंपळावर एक भारद्वाज होता, तो या दोघींकडे लाल डोळ्यांनी बघत बसे. त्या देशात पक्षी बोलत. उंबरे असताना बोलत, उंबरे गेल्यावरही बोलत राहिले, कारण घरट्याला उंबरा नसतो.

उत्पला वयात आली तेव्हा एके दिवशी तिने त्याला विचारले, "पक्षीराज, माझी आई माझ्यावर माया करते का?"

"करते."

"तिने न करायचे म्हटले, तर तिला जमेल का?"

भारद्वाजाने चोच फांदीवर घासली. मग म्हणाला, "नाही जमणार."

"मग तिच्या मायेचे मी काय करू?"

हा प्रश्न पक्ष्याच्या काळजाला लागला असावा. तो पिंपळावरून उतरून हत्तिणीच्या पाठीवर बसला आणि त्याने उत्पलेला सगळे सांगितले.

तो म्हणाला, "राजकन्ये, तुला आणखी एक भाऊ होता. मंदार त्याचे नाव. शत्रुंजयाहून धाकटा, आईचा फार लाडका. दसऱ्याच्या मिरवणुकीत या हत्तिणीच्या अंबारीत पुढे कोणी बसायचे, यावरून दोघांचे वाजले. मंदार पुढे बसला. शत्रुंजय मागे होता. ढकलावे की न ढकलावे हे ठरवायला त्याला पापणी लवेपर्यंत वेळ मिळाला. त्याने ढकलले. मंदार फरशीवर पडला तो उठला नाही.

"या राज्याचा नियम असा, की भावाने भावाला मारले तर राजाने आपल्या तोंडाने शिक्षा सांगावी. तुझ्या वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. एक मुलगा गेला, दुसरा कसा घालवू? तेव्हा त्यांनी निर्मोही नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि म्हणाले, 'माझ्या राज्यातला दुष्टपणा काढून टाक. सगळ्यांचाच काढ, म्हणजे कोणी दोषी उरणार नाही.' मांत्रिक म्हणाला, 'महाराज, दुष्टपणाला वेगळे मूळ नाही.' राजा म्हणाला, 'मी तुला उपाय विचारला, मूळ विचारले नाही.'

"मांत्रिकाने उपाय केला. माणूस काहीही करण्याआधी आत कुठेतरी क्षणभर थांबतो आणि म्हणतो, करू की नको? ती थांबायची जागा त्याने काढून घेतली. घराघराचा उंबरा ही त्या जागेची खूण. मंत्र म्हणताच सगळे उंबरे जमिनीतून उपटून निघाले आणि त्याच्यामागे चालू लागले. त्या दाराआड जो राहत होता आणि पुढे जो जन्मला, त्याचे थांबणे गेले. मग तो वाऱ्याने ढकललेल्या पानासारखा नीट वागू लागला."

"आणि मी?"

"तुझी आई तेव्हा राजवाड्यात जाईना. मंदारच्या हत्तिणीपाशी इथे जमिनीवर बसून ती रडत होती. दिवस भरलेले होते. तू इथे जन्मलीस. त्या घडीला तू जगात होतीस, पण कोणत्याच घरात नव्हतीस. हत्तीखान्याला उंबरा कधी नव्हताच. त्याच घडीला मंत्र पुरा झाला. तुझ्या आईचा हुंदका अर्ध्यावर थांबला. तिने डोळे पुसले, तुला उचलले आणि हसत हसत राजवाड्यात गेली."

उत्पलेने हत्तिणीच्या सोंडेवर डोके टेकले. आईचा हुंदका अजून इथेच कुठेतरी अर्धा पडला आहे असे तिला वाटले. ती म्हणाली, "ते उंबरे कुठे आहेत?"

"उत्तरेच्या डोंगरावर, मांत्रिकापाशी. पण नीट ऐक. उंबरे आले तर चोर येतील, खोटे बोलणारे येतील. तुझी आईही येईल. मात्र ती मंदारची आई होऊन येईल. तुझी होईलच, असे मी सांगत नाही."

उत्पलेने त्याच दिवशी वाट धरली. भारद्वाज कुरकुरत तिच्यामागून उडत आला. या वयात असली दगदग सोसत नाही, असे तो वाटभर म्हणत होता. पण परत काही फिरला नाही.

डोंगराला पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक उंबरा होता. सागाचे, बाभळीचे, दगडाचे, कुणाकुणावर जुन्या हळदकुंकवाचे डाग. पाय ठेवला की त्या घराचे थांबणे तिच्या मनात शिरे. एका पायरीवर कोणी बाई विचार करत होती, उरलेली भाकरी दारच्या पाहुण्याला वाढावी की लेकरासाठी झाकून ठेवावी? एका पायरीवर कुंभार उभा होता, तडा गेलेले मडके चिखल लिंपून विकावे की फोडून टाकावे? एका पायरीवर नवी सून माप ओलांडायच्या आधी मागे वळून बघत होती. उत्पला प्रत्येक पायरीवर थांबली. माथ्यावर पोहोचेतो साऱ्या राज्याची घालमेल तिच्या छातीत जमली होती, आणि तिला त्या माणसांची इतकी आठवण आली, की जणू ती तिच्या माहेरची होती. रोज भेटणारी तीच माणसे तिला याआधी कधी भेटलीच नव्हती.

माथ्यावर एका सपाट दगडावर निर्मोही बसला होता. म्हातारा, वाळका, डोळ्यांत झोप नसलेला.

"काय हवे?" त्याने विचारले.

"उंबरे."

"माझी तीन कामे कर. मग बघू."

त्याने तिच्यापुढे गुंजांची रास ओतली. लालभडक गुंजा, आणि प्रत्येकीवर काळा ठिपका. "यातला काळा रंग वेगळा काढ. लाल लालच राहिला पाहिजे. हे पहिले काम."

उत्पला बसली. तिने गुंजा घासल्या, भिजवल्या, काटेरी काडीने खरवडल्या. काळे निघे तिथे साल जाई, साल गेली की गुंज फुटे. बोटे सोलवटली. शेवटी तिने सारी रास ओंजळीने गोळा करून त्याच्यापुढे परत ठेवली.

"हे होणार नाही," ती म्हणाली. "आणि मी हे करणार नाही. काळे काढले की गुंजच राहत नाही."

निर्मोही हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. "हेच मी तुझ्या वडिलांना म्हणालो होतो. त्या राज्यातून मला 'नाही' म्हणणारे कोणी येईल, याची मी वाट पाहत होतो. पहिले काम झाले."

दुसऱ्या कामासाठी तो तिला खडकातल्या एका टाक्यापाशी घेऊन गेला. पाणी काळेशार होते, काठाला मिठाचा थर होता. "राज्यात जे रडू रडायचे राहिले, ते सगळे इथे साठते. तुझ्या आईच्या वाट्याची एक ओंजळ पी."

उत्पलेने ओंजळ भरली आणि प्याली. प्याल्याबरोबर तिला मंदार दिसला. दसऱ्याच्या सकाळी तो आईकडे आला होता, मुंडासे नीट बसत नव्हते म्हणून. आईने ते बांधून दिले, तोंडातली टाचणी काढून खोचली आणि म्हणाली, "आता हलू नकोस." नंतर फरशीवर तो पडला होता तेव्हा मुंडासे तसेच्या तसे होते, आणि तो हलत नव्हता. उत्पला टाक्याच्या काठावर बसली. ते दुःख तिच्या गळ्यात अडकले ते पुढे जाईना, मागे येईना.

"हे आईला पुन्हा प्यावे लागेल?" तिने विचारले.

"ओंजळभर नव्हे. सगळे."

निर्मोही तिच्याशेजारी बसला. जरा वेळाने उत्पला म्हणाली, "तुम्ही का खाली येत नाही? का या उजाड माथ्यावर बसलात?"

"माझे घर त्याच राज्यात होते. त्यालाही उंबरा होता. मंत्र माझ्या तोंडचा, म्हणून मी तेवढा सुटलो. माझी बायको रोज संध्याकाळी दारात उभी राहून मला हाक मारी. मंत्रानंतर घरी आलो, तर तिने हसून पाट मांडला. एवढ्या उशिरा का आलास, असे तिने विचारले नाही. तसल्या हसण्यापुढे मला बसवेना." तो उठला. "तिसरे काम. राजवाड्याचा उंबरा सर्वांत वरचा आहे, शिसवीचा. तो डोक्यावर घे आणि त्याच्या जागी नेऊन बसव. तो बसला की बाकीचे आपोआप येतील. सुतारांची जुनी रीत तुला ठाऊक नसेल. उंबरा बसवणाऱ्याने बाहेरच थांबायचे. घरच्या बाईने उंबऱ्याला हळदकुंकू लावून बोलावले, तरच आत पाऊल टाकायचे. तू रीत मोडलीस तर उंबरा पुन्हा उपटेल आणि मग तो कधीच बसणार नाही."

"आणि तिने बोलावलेच नाही तर?"

"तर तू बाहेर राहशील."

शिसवीचा उंबरा भारी जड होता. उत्पला तो घेऊन डोंगर उतरली, रान ओलांडून नदीपाशी आली. तिथे तिने तो वाळूत ठेवला आणि मान चोळत पाण्याकडे बघत बसली.

भारद्वाज जवळच्या बोरीवर बसला. "पाणी खोल आहे," तो म्हणाला. "अजून वेळ गेलेली नाही."

उत्पलेच्या मनात तेच चालले होते. मला आई हवी, म्हणून मी साऱ्या राज्याला रडवायचे? उद्या जो पहिला खून पडेल, तो कुणाच्या माथी? शत्रुंजयाने पापणी लवेपर्यंत विचार करून भावाला ढकलले. मी दिवसभर विचार करून सगळ्यांनाच ढकलते आहे. हा दुष्टपणा नाही कशावरून? तिला उत्तर सापडेना. सूर्य डोक्यावर आला, कलला, तरी सापडेना. गळ्यातले ते दुःख मात्र हलत होते, आणि मुंडासे बांधणारी ती बोटे तिला पुन्हा पुन्हा दिसत होती.

मग ती उठली. "हे दुःख आईचे आहे," ती म्हणाली. "मंदारचे तिच्यापाशी एवढेच उरले होते, आणि तेही तिला न विचारता काढून घेतले. मी माझ्या स्वार्थाने नेत असेन. तरी वस्तू तिची आहे."

"तुझे चुकत असेल तर?"

"तर माझे चुकले."

तिने उंबरा उचलला आणि नदीत पाय घातला.

राजवाड्याच्या महाद्वारात तिने दोन्ही खाचा मोकळ्या केल्या, उंबरा आडवा सरकवला आणि तळहातांनी ठोकून बसवला. बसल्याचा आवाज झाला. पाठोपाठ आतून एक हुंदका ऐकू आला. हत्तीखान्यात जो अर्धा राहिला होता, तो आता पुरा झाला.

मग उत्तरेकडून धूळ उठली. संध्याकाळी गुरे आपापल्या गोठ्याला येतात, तसे उंबरे डोंगर उतरून आपापल्या दारी आले आणि बसले. घराघरांतून रडण्याचा आवाज उठला. कोणाचा बाप गेला होता आणि त्याचे सुतक कोणी मनापासून पाळले नव्हते. कोणाचे नको त्याच्याशी लग्न झाले होते. न्यायाधीश दचकून जागे झाले आणि इतकी वर्षे आपण झोपलो कसे, म्हणून स्वतःवरच खेकसले.

राणी मदयंती धावत महाद्वारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. उंबरे गेल्यापासून त्या दारात ती कधी थांबली नव्हती. केस सुटलेले, डोळे सुजलेले. तिने बाहेर बसलेल्या मुलीकडे पाहिले.

"तू आणलास हा?"

"मी आणला, आई."

"का?" राणीचा आवाज फाटला. "मला कळत नव्हते, ते बरे होते. मंदार गेला आणि मी हसत होते, हे आता मला जन्मभर आठवायचे? मला तुझे तोंड बघायचे नाही."

ती पाठ फिरवून आत गेली. उत्पला उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तिचे काळीज फाटले, आणि तरी, काय सांगावे, त्या फाटलेल्या काळजात कुठेतरी तिला आनंदही झाला. आई तिच्याशी आज पहिल्यांदा बोलली होती.

न्यायसभा झाडली गेली. शत्रुंजय स्वतःच्या पायांनी तिथे आला. त्याचे हसू गेले होते. मंत्र्यांनी त्याला सांगून पाहिले, की तेव्हा आपण लहान होता, गर्दी होती, हत्तीण हलली. तो म्हणाला, "महाराज, मला वेळ होता. थोडा होता, पण होता."

राजा धृतिमान उभा राहिला. जो शब्द त्याच्या तोंडून इतकी वर्षे फुटला नव्हता, तो त्याने उच्चारला. "राजवाड्याचा उंबरा तुला बंद. मंदारच्या हत्तिणीची सेवा कर. ती तुला जिवंत ठेवते की नाही, हे तिच्यावर सोपवतो." मग तो सिंहासनावरून खाली उतरला आणि प्रजेपुढे हात जोडून म्हणाला, "याने एक जीव घेतला. मी तुमचे सगळ्यांचे जगणे घेतले. मला क्षमा करा." काहींनी केली. काहींनी केली नाही, आणि न करणाऱ्यांना कोणी अडवले नाही.

शत्रुंजय महाद्वारातून निघाला तेव्हा उंबऱ्यावर थबकला. बहिणीकडे त्याला बघवेना. उत्पलेने त्याचा हात धरला, तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. हत्तीखान्यात म्हाताऱ्या हत्तिणीने त्याला सोंडेने हुंगले, कितीतरी वेळ हुंगले. शेवटी तिने पाठ फिरवली, पण त्याने टाकलेला चारा खाल्ला.

दिवस जाऊ लागले. उत्पला बाहेरच होती. कोणी वाटसरूने दिलेले पोळीचे गाठोडे एका सकाळी चोरीला गेले. "घ्या. झाली सुरुवात," भारद्वाज म्हणाला. दुपारी एक मजुरीण तिथून जात होती. ती थांबली. तिने आपल्या फडक्यातल्या भाकरीकडे पाहिले, उत्पलेकडे पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या, दोन पावले पुढे गेली. मग परत आली आणि अर्धी भाकरी मोडून तिच्या पुढ्यात ठेवली. उत्पलेने ती कण न सांडता खाल्ली. राजवाड्यातल्या पक्वान्नांची अशी चव तिला कधी लागली नव्हती.

गल्लीबोळांतून भांडणे ऐकू येत, आणि भांडणानंतरची समजूतही. कोणी सांगे, एक वाळका म्हातारा गावात आला, आणि त्याच्या बायकोने त्याला दारातच उभे करून संध्याकाळभर फैलावर घेतले. तो खाली मान घालून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून आनंदाचे पाणी वाहत होते.

राजवाड्यातून मात्र बोलावणे येईना. उत्पला रोज आतल्या पावलांकडे कान लावी. पावले दारापर्यंत येत, थांबत आणि परत जात. हाक मारावी असे तिला वाटे. हाक मारली तर आई ओ देईलही. पण तिने मारली नाही. आतल्या थांबण्याला आपण हात लावायचा नाही, एवढे तिने ठरवले होते. भारद्वाज विचारी, "जायचे का?" ती म्हणे, "अजून नको."

एके दिवशी ऊन चढले असताना पावले दारापर्यंत आली आणि परत गेली नाहीत. राणी मदयंती दारात उभी होती. हातात हळदकुंकवाचे तबक होते. ती वाकली, तिने उंबऱ्याला हळद लावली, मग कुंकू लावले. बराच वेळ ती तशीच बसली, लाकडावर हात ठेवून. मग तिने मान वर केली आणि बाहेर पाहिले.

"अगं, अशी काय उन्हात बसलीस?" ती म्हणाली. "केसांचा अवतार बघ. आणि लग्नातला शालू उभा कापलास तू माझा! माझ्या आईने दिला होता तो. मी काही बोलले नाही तेव्हा, पण विसरले नाही हो. चल, आत ये आधी."

उत्पलेने उंबऱ्यावर पाऊल ठेवले, थांबली, आणि आत आली. राणीने तिचा कान धरला, चांगला पिळला, आणि मग तिला पोटाशी धरले. दोघी रडल्या.

कथा इथे पुरी झाली. ऐकणाऱ्यांनी आपापल्या दारात एकदा डोकावून यावे. बाहेर कोणी बसले असेल.